फॉसडेमला जायचंय? पुण्याहून ब्रसेल्स आणि परत, सगळं सविस्तर

दर वर्षी डिसेंबर उजाडला की दोन-तीन जणांचा तरी मेसेज येतोच, "ताई, फॉसडेमला जायचंय, काय काय करावं लागतं?" आणि दर वर्षी मला तेच सांगावं लागतं की अरे बाबा, हे सप्टेंबरमध्ये विचारायला हवं होतंस. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवली की माझं काम झालं.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉसडेम ही ओपन सोर्सवाल्यांची (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची) ब्रसेल्समधली दोन दिवसांची जत्रा. जत्राच म्हणते, कारण कॉन्फरन्स म्हटलं की गळ्यात पट्टा, एसी हॉल आणि बुफे डोळ्यासमोर येतो आणि इथं तसलं काहीच नाही. तिकीट नाही, रजिस्ट्रेशन नाही, दारात कुणी नाव विचारत नाही, सरळ आत जायचं. २००० साली राफाएल बोदुआँ नावाच्या माणसानं सुरू केली तेव्हा नाव ओसडेम होतं, मग फ्री सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनच्या आग्रहामुळे पुढे 'फ्री'चा फ लागला. २०२१ आणि २०२२ ची कोविडमुळे ऑनलाइन झाली, ती सोडली तर दर वर्षी जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीची सुरुवात, शनिवार-रविवार. २०२५ ला १ आणि २ फेब्रुवारी होती, २०२६ ला ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी. जागा कायम तीच, ब्रसेल्सच्या यूएलबी विद्यापीठाचा सोलबॉश कॅम्पस. दोन दिवसांत हजाराच्या आसपास टॉक्स असतात आणि माणसं काही हजार, खरा आकडा कुणालाच माहीत नाही कारण मोजायला रजिस्ट्रेशनच नाही.

आधी हे ठरवा की जाताय कशाला

सगळ्या खोल्यांतले टॉक्स लाइव्ह दिसतात आणि नंतर व्हिडिओही येतात, फुकट. म्हणजे फक्त टॉक्स ऐकायचे असतील तर घरी चहा घेत बसून ऐका, विमानाचे पैसे वाचवा. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी मारे ३१ टॉक्स मार्क करून गेले, त्यातले नऊ ऐकले, बाकीचा वेळ या बिल्डिंगमधून त्या बिल्डिंगमध्ये पळण्यात आणि बंद दारासमोर उभं राहण्यात गेला.

दुसऱ्यांदा जाताना वहीत फक्त तीन गोष्टी लिहून नेल्या. कुणाला भेटायचं, कोणता अडलेला प्रश्न विचारायचा आणि कोणत्या एका विषयाच्या खोलीत अर्धा दिवस बसायचं. तुम्ही ज्या प्रोजेक्टला पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवता किंवा ज्याचं मराठी भाषांतर करता किंवा नुसतं जे वापरून वापरून वैतागलाय, त्याची माणसं तिथं टेबलामागं उभी असतात, त्यांच्यासाठी जायचं. हे एकदा पक्कं झालं की बाकीचं प्लॅनिंग सोपं.

कॅलेंडर उलटं मांडा

टॉक द्यायचा असेल तर एक गणित नीट बघा. फॉसडेममध्ये मोठ्या हॉलमधला मेन ट्रॅक वेगळा आणि विषयवार छोट्या खोल्या वेगळ्या, त्यांना डेव्हरूम म्हणतात (पायथॉनची, पोस्टग्रेसची, एम्बेडेडची, भाषांतराची अशा). प्रत्येक डेव्हरूम आपापलं आवतण काढते, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, शेवटची तारीख नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरची सुरुवात आणि निकाल डिसेंबरच्या मध्यावर. आता तिथून फॉसडेमपर्यंत उरतात सहा-सात आठवडे आणि मध्ये ख्रिसमस आणि न्यू इयरच्या सुट्ट्या. व्हिसाला साधारण १५ दिवस लागतात पण कागद अडकले तर ४५ पर्यंत जाऊ शकतात. म्हणजे 'टॉक सिलेक्ट झाला की मग व्हिसाचं बघू' म्हणणाऱ्याची वाट लागते. टॉक असो वा नसो, जायचं हे आधी ठरवा आणि व्हिसा आधी टाका.

माझं वेळापत्रक असं असतं: सप्टेंबरमध्ये हॉटेल (फुकट कॅन्सल होणारं), ऑक्टोबरमध्ये कागद गोळा करायचे, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हिसाची अपॉइंटमेंट, डिसेंबरमध्ये पासपोर्ट हातात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे 'फार लवकर होईल का' ही काळजी करूच नका.

पैशांचं म्हणाल तर कंपनी पाठवत असेल तर उत्तम, नसेल तर ज्या प्रोजेक्टवर काम करता त्यांना विचारा. केडीई, नोम, डेबियन अशा मोठ्या प्रोजेक्टांकडे आपल्या कॉन्ट्रिब्युटर लोकांच्या प्रवासासाठी फंड असतो. लाजू नका, तो फंड त्यासाठीच आहे. फक्त आधी परवानगी घ्या, नंतर बिल पाठवून 'द्या ना' म्हटलं तर कुणी देत नाही. आणि पैसे बहुतेक वेळा परत आल्यावर मिळतात, तोवर आपलं क्रेडिट कार्ड झिंदाबाद.

व्हिसा, म्हणजे खरी परीक्षा

शेंगेन (आपापसातल्या सीमांवर तपासणी नसलेले युरोपातले देश) शॉर्ट स्टे, टाइप सी. फी ९० युरो (जून २०२४ पासून, आधी ८० होती) आणि त्यावर व्हीएफएसचा (व्हिसाचे अर्ज गोळा करणारी कंपनी) सर्व्हिस चार्ज. बेल्जियमचे अर्ज आपल्याकडे व्हीएफएस घेतं, तुमच्या शहरात सेंटर आहे का आणि सध्याची कागदांची यादी काय आहे ते त्यांच्या साइटवरूनच घ्या, मित्राच्या मागच्या वर्षीच्या यादीवर जाऊ नका.

कागद साधारण असे: पासपोर्ट, परत येण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो. प्रवासाचा इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. विमानाचं रिझर्व्हेशन जाऊन-येऊन, हॉटेलचं बुकिंग प्रत्येक रात्रीचं, बँक स्टेटमेंट, आयटीआर, सॅलरी स्लिपा आणि ऑफिसचं रजा मंजूर असल्याचं पत्र. हे शेवटचं पत्र एचआरकडून मिळवायला जितका वेळ लागतो तितका कधीकधी व्हिसाला लागत नाही, त्यामुळे पहिलं काम ते.

माझा अर्ज एकदा काउंटरवरूनच परत आला होता कारण बँक स्टेटमेंट ऑनलाइन काढलेलं, त्यावर बँकेचा शिक्का नाही. मग धावत ब्रँचला, तिथं शिक्का मारणाऱ्या मॅडम जेवायला गेलेल्या, त्या येईपर्यंत इकडे अपॉइंटमेंटची वेळ गेलेली. तर शिक्का सही घेऊनच जा.

फॉसडेमचा एक खास घोळ म्हणजे रजिस्ट्रेशनच नाही, त्यामुळे 'कॉन्फरन्सचं तिकीट दाखवा' म्हटलं तर दाखवणार काय? यावर उपाय कव्हर लेटर. एक पानाचं, साध्या भाषेत: मी कोण, काय काम करते, हा कार्यक्रम काय आहे, फुकट आणि बिनरजिस्ट्रेशनचा आहे, तारखा या, मी या प्रोजेक्टवर इतकी वर्षं काम करते, खर्च कोण करतंय आणि परत यायचं कारण काय (नोकरी, घर, आईवडील). सोबत फॉसडेमच्या साइटच्या पहिल्या पानाचं प्रिंट आणि टॉक असेल तर सिलेक्ट झाल्याची मेल. जे खरं तेच लिहा. उगाच 'पर्यटन' लिहून आत कॉन्फरन्सचे कागद लावले की समोरच्यालाही प्रश्न पडतो.

आणखी एक, एवढं जातोय तर पॅरिस पण करू असं सगळ्यांनाच वाटतं, करा की, पण ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. ब्रसेल्सला तीन रात्री आणि पॅरिसला पाच, तर अर्ज फ्रान्सकडे. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात. आणि एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडे सैल झालेत, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो, तेव्हा जुना पासपोर्ट कपाटात टाकू नका, सोबत जोडा.

विमान

पुण्याहून जाणारे आपण बहुतेक मुंबईवरूनच निघतो. फ्रँकफर्ट, म्युनिक, पॅरिस, अॅमस्टरडॅम किंवा आखातातून दुबई-दोहा-अबुधाबी, एक थांबा धरून चला. इथं एक गोष्ट लोक विसरतात. इमिग्रेशन ब्रसेल्सलाच होतं असं नाही, तुम्ही शेंगेनमध्ये जिथं पहिलं पाऊल टाकता तिथं होतं. म्हणजे फ्रँकफर्टवरून गेलात तर सगळी रांग आणि प्रश्नोत्तरं फ्रँकफर्टलाच आणि तेही पुढचं विमान पकडायच्या घाईत. त्यात ऑक्टोबर २०२५ पासून नवी पद्धत सुरू झालीय, पासपोर्टवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करतात, पहिल्यांदा जाणाऱ्याला वेळ लागतो. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, तीन तास ठेवा.

पॅरिसला उतरायचं असेल तर चार्ल्स द गॉल विमानतळातूनच थेट ब्रसेल्स मिडी स्टेशनला युरोस्टार रेल्वे जाते, साधारण दीड तास. पूर्वी या गाडीचं नाव थॅलिस होतं, जुन्या लेखांत तेच सापडेल, घाबरू नका.

मुंबईची बहुतेक विमानं रात्री एक ते चारच्या मधली. पुण्याहून संध्याकाळी पाच-सहाला निघालात तर निवांत, आठला निघालात आणि घाटात एक ट्रक आडवा झाला की संपलं. शिवनेरीनं दादरपर्यंत जाऊन पुढे टॅक्सी असंही होतं पण रात्रीच्या वेळी मोठी बॅग घेऊन मी शेअर कॅबच करते, डोक्याला ताप नको.

राहायचं कुठं

दोनच पर्याय डोक्यात ठेवा. एक, सेंट्रल स्टेशन आणि ग्राँ प्लास या मुख्य चौकाच्या आसपास, जिथून ७१ नंबरची बस सरळ यूएलबीला जाते आणि रात्री गप्पा मारायला सगळे तिकडेच असतात. दोन, फ्लाजे चौकाच्या भागात, जिथून सकाळी बस भरलेली असली तरी वीस-पंचवीस मिनिटं चालत कॅम्पस गाठता येतो. मी दुसरं करते, कारण शनिवारी सकाळी ७१ नंबर म्हणजे आपली स्वारगेट-हडपसर, फक्त सगळ्यांच्या लॅपटॉपवर लिनक्सचा पेंग्विन चिकटवलेला. मिडी स्टेशनजवळ हॉटेलं स्वस्त दिसतात पण रात्री एकटीनं परत यायला मला तो भाग बरा वाटला नाही आणि स्टेशनवर खिसेकापू भरपूर, पासपोर्ट आतल्या खिशात.

बॅगेत काय

थंडी. तापमान १ ते ७ च्या मध्ये कुठंतरी, ते आपल्याला स्वेटरमध्ये निभेल असं वाटतं, पण वर भुरभुर पाऊस आणि वारा. सकाळी सव्वाआठपर्यंत उजाडत नाही. आणि आतल्या खोल्या माणसांनी इतक्या गच्च की तिथं घामाघूम. म्हणून एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा काढता-घालता येतील असे तीन थर घ्या, आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाऊस अडवणारं. बूट वॉटरप्रूफ, हे मात्र कंजूषी न करता, ओल्या मोज्यांनी दहा तास फिरून बघितलंय मी.

प्लग. बेल्जियमच्या सॉकेटमधून अर्थिंगची एक पिन बाहेर आलेली असते. मोबाइलचे दोन बारीक पिनांचे चार्जर तसेच बसतात, पण लॅपटॉपचा आपला तीन जाड पिनांचा प्लग बसत नाही. अॅडॅप्टर इथूनच न्या. आणि सोबत एक आपल्याकडचा छोटा एक्स्टेंशन बोर्ड, म्हणजे एका अॅडॅप्टरवर तीन वस्तू चालतात. तिथं खोल्यांत सॉकेट इतके कमी की बोर्ड काढला की शेजारचे चार जण ओळख करून घेतात, माझी एक चांगली ओळख अशीच झालीय.

खाण्याचं. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खव्याचं काहीही नको, आई कितीही म्हणाली तरी. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दशम्या चालतात, फक्त दशम्या दुधाऐवजी पाण्यात नाहीतर गुळाच्या पाण्यात भिजवायला सांगा. शाकाहारी असाल तर अजून एक, बेल्जियमचे फ्राइट्स म्हणजे बटाट्याचे काप जगात भारी आहेत पण परंपरेनं ते गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, बरेच जण आता तेल वापरतात, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. मी पहिल्या दिवशी दोन कोन खाऊन झाल्यावर विचारलं. असो.

कार्ड. निघायच्या आधी बँकेच्या अॅपमध्ये जाऊन इंटरनॅशनल वापर चालू करा, आणि त्यातच 'टॅप' म्हणजे काँटॅक्टलेसचं वेगळं बटण असतं तेही चालू करा. हे राहिलं तर बसमध्ये कार्ड टेकवलं की लाल दिवा आणि मागं वीस माणसं.

उतरल्यावर

ब्रसेल्सच्या झाव्हेंटेम विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, सेंट्रलला वीस मिनिटांत. तिकिटात विमानतळाचा वेगळा अधिभार धरलेला असतो म्हणून इतक्या जवळचं भाडं एवढं कसं असं वाटतं, ते बरोबर आहे. तिकीट फेकू नका, विमानतळाच्या स्टेशनच्या गेटला ते स्कॅन करावं लागतं.

शहरातल्या बस, ट्रॅम, मेट्रोला वेगळं तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड मशीनला टेकवायचं, दिवसभरात ठराविक रकमेपुढं पैसे कापत नाहीत. बदलताना प्रत्येक गाडीत परत टेकवा आणि तेच कार्ड टेकवा.

आता नावांचा गोंधळ. ब्रसेल्समध्ये सगळं फ्रेंच आणि डच अशा दोन भाषांत. एकच स्टेशन फ्रेंचमध्ये ब्रुसेल मिडी आणि डचमध्ये ब्रुसेल झाउड, दोन्हीचा अर्थ दक्षिण. शहराबाहेर डच भागात गेलात की बोर्डावर फक्त डच. मी जवळच्या गेंट शहरातून परत येताना फलाटावर 'मिडी' शोधत उभी आणि समोरून झाउडची गाडी निघून गेली, पुढची मिळाली म्हणून ठीक. बेळगाव-बेळगावी कळणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं खरं म्हणजे.

शुक्रवारी संध्याकाळी परंपरेनं सगळे ग्राँ प्लासजवळच्या डेलिरियम कॅफेत जमतात. बिअर पीत नसाल तरी जा, हातात कोक असला तरी कुणी बघत नाही. पण तिथं इतका कलकलाट असतो की नीट बोलणं होत नाही, चेहरे बघून घ्या आणि दहाला झोपायला परत या. आपलं शरीर साडेचार तास पुढं असतं, तिथले दहा म्हणजे आपले रात्रीचे अडीच.

शनिवार

निघायच्या आधी फोनवर फॉसडेम कम्पॅनियन अॅप टाका, एफ-ड्रॉइडवर (ओपन सोर्स अॅप मिळण्याची जागा) आहे, सगळं वेळापत्रक नेट नसताना दिसतं आणि खूण केलेल्या टॉकच्या आधी आठवण करतं. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, ऑफलाइन उतरवून.

खोल्यांचे नंबर वाचायला शिका. एच.१३०८ म्हणजे एच बिल्डिंग, के.४.२०१ म्हणजे के बिल्डिंगचा चौथा मजला, यूबी, एडब्ल्यू या वेगळ्या बिल्डिंगा. जान्सन हा सगळ्यात मोठा हॉल, चौदाशेच्या वर माणसं बसतात, उद्घाटन आणि समारोप तिथंच. के पासून एडब्ल्यूला गर्दीतून दहा मिनिटं लागतात आणि दोन टॉकमध्ये गॅप पाच मिनिटांची, म्हणून म्हणते की उड्या मारू नका, एक डेव्हरूम पकडा आणि बसा.

दाराला 'फुल' असा कागद लागला की विषय संपला, आत सोडत नाहीत, आगीच्या नियमामुळे. भांडू नका, दारावर उभे असलेले सगळे आपल्यासारखेच फुकट काम करणारे स्वयंसेवक आहेत. हवा असलेला टॉक असेल तर त्याच्या आधीच्या टॉकलाच जाऊन बसायचं, आणि बसलात की मधे सरका, कडेची खुर्ची अडवून ठेवणाऱ्यांकडे सगळे बघतात. अगदीच नाही जमलं तर बाहेर पायरीवर बसून त्याच खोलीचं लाइव्ह फोनवर बघा, हे विनोदी वाटतं पण शेकडो लोक करतात.

वायफाय दोन असतात. 'फॉसडेम' नावाचं फक्त आयपीव्ही६ वर (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालतं, मुद्दाम, म्हणजे कुणाचं काय मोडतं ते कळावं. ऑफिसचं व्हीपीएन मोडलं तर 'फॉसडेम-एन्शंट' ला जोडा. एन्शंट म्हणजे पुरातन, नावातच टोमणा आहे.

स्टँड, म्हणजे खरी जत्रा

के बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये आणि इतर एक-दोन बिल्डिंगांत ओळीनं टेबलं मांडलेली असतात. व्हीएलसीवाले डोक्यावर केशरी कोनाच्या टोप्या घालून, डेबियन, फेडोरा, केडीई, लिब्रेऑफिस, शेकडो स्टिकर. शनिवारी दुपारी तिथून चालता येत नाही, शनिवारी सकाळी लवकर किंवा रविवारी दुपारनंतर जा, तेव्हा माणसं बोलायला मोकळी असतात.

कसं बोलायचं हे लिहिते कारण आपली मुलं इथंच अडखळतात. 'आय लव्ह युवर प्रोजेक्ट' म्हणून स्टिकर घेऊन पुढं जायचं नाही. अडलेली वस्तू घेऊन जायची. मी नेला होता एक शब्द, 'दऱ्या'. लेखात आहे, डोळ्याला दिसतोय, पण शोधला की अर्ध्याच जागी सापडतो. कारण तो संगणकात दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर, मग हलंत, मग य, दुसऱ्यात साधा र, हलंत, मध्ये एक न दिसणारा जोडणारा आणि मग य. एक पाच कोडांचा, एक सहा कोडांचा, दिसायला सेम टू सेम. लेखन करणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या टेबलावर पांढऱ्या दाढीचे एक काका बसले होते, त्यांना आधी तोंडानं सांगितलं, काही कळलं नाही. मग पेन ड्राइव्हवरची फाइल उघडली, काकांनी टर्मिनलमध्ये दोन्ही शब्दांचे कोड छापून बघितले, पाच ओळी, सहा ओळी, बोटानं मोजल्या, परत मोजल्या. मग विचारलं, "हे वाचणाऱ्याला दोन वेगळे शब्द वाटतात का?" म्हटलं नाही हो, एकच, डोंगराच्या मधली खोल जागा. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, बस म्हणाले, आणि पुढची चाळीस मिनिटं आम्ही बग रिपोर्ट लिहीत होतो. तीन टॉक बुडाले. एकाचंही वाईट वाटलं नाही.

तर न्यायचं काय: छोटी फाइल ज्यात बिघाड दिसतो, तुमच्या मशीनवर कोणतं व्हर्जन आहे ते, आणि दोन वाक्यांत सांगता येईल असा प्रश्न. नाव लिहून घ्यायला वही, कारण तिथं व्हिजिटिंग कार्ड कुणी देत नाही. कुणाचा फोटो काढायचा तर विचारून, बऱ्याच जणांना आवडत नाही.

रविवार आणि परतीचा रस्ता

रविवारी गर्दी थोडी कमी. संध्याकाळी सहाच्या आसपास समारोप संपतो आणि मग कुणीही थांबून खुर्च्या-केबल उचलायला मदत करू शकतं. जमलं तर थांबा, दोन दिवसांत जितक्या ओळखी होत नाहीत तितक्या केबल गुंडाळताना होतात.

रविवार रात्रीचं विमान घेऊ नका. सोमवार दुपारचं किंवा मंगळवारचं घ्या, त्यात एक दिवस जास्त असेल तर गेंट बघा, रेल्वेनं अर्धा-पाऊण तास, शिवाय फॉसडेमनंतर तिथं कॉन्फिग मॅनेजमेंट कॅम्प असतो, डेव्हऑप्समधल्यांना (सर्व्हर आणि सॉफ्टवेअर चालतं ठेवणाऱ्यांना) एका तिकिटात दोन कार्यक्रम. आणि निघायच्या आदल्या दिवशी संपाची बातमी बघाच. बेल्जियममध्ये संप आधी जाहीर करून होतात, पण झाला की होतो, ३१ मार्च २०२५ ला झाव्हेंटेमवरून सुटणारी सगळी विमानं रद्द झाली होती. विमान रद्द झालं तर युरोपच्या नियमानं कंपनीनं दुसऱ्या विमानात बसवणं आणि तोवर जेवण-राहणं देणं भाग असतं, काउंटरवर हे शांतपणे आणि पुन्हा पुन्हा म्हणायचं.

चॉकलेट ग्राँ प्लासवरच्या चकाचक दुकानातून नको, सुपरमार्केटमधून घ्या, ऑफिसात वाटायला कुणाला फरक कळत नाही. स्पेक्युलूस बिस्किटाचं जे पीनट बटरसारखं मिळतं ते हातातल्या बॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीवाले त्याला द्रवपदार्थ धरतात, १०० मिलीच्या वर काढून घेतात. माझ्या दोन बरण्या गेल्या. चेक-इनमध्ये टाका, कपड्यात गुंडाळून.

परत आल्यावर दोन-तीन दिवसांत घसा धरतो, त्याला तिकडे फॉसडेम फ्लूच म्हणतात. गर्दीच्या खोलीत मास्क लावला तर टळतो, निदान ऑफिसचा पहिला दिवस तरी घरून घ्या.

आणि दोन कामं आठवड्याच्या आत. एक, बोर्डिंग पास, हॉटेलचं बिल, व्हिसाची पावती सगळं स्कॅन करून प्रोजेक्टला किंवा कंपनीला पाठवा, थर्मल कागदावरची शाई महिन्याभरात उडते. दोन, वहीतल्या प्रत्येक नावाला चार ओळींची मेल, आपण कुठं भेटलो, काय बोललो, मी आता काय करणार आहे. फार उशीर केलात तर त्यांना तुम्ही आठवत नाही, हजारो चेहरे बघितलेले असतात त्यांनी.

त्या 'दऱ्या'चा बग अजून उघडाच आहे, पण परवा त्यावर कुणीतरी 'पऱ्या' आणि 'कैऱ्या' पण तपासायचं म्हणून टेस्ट फाइल मागितलीय. ती आज रात्री बनवून टाकायचीय.